मिशनरी मित्रांकडे परदेशी जायचंय, पाहुणा म्हणून पण आणि मदतीला पण

आमचे एक मित्र आहेत, नवरा-बायको आणि दोन मुलं, बरीच वर्षं परदेशात मिशनरी म्हणून सेवा करतायत आणि मी त्यांच्याकडे आत्तापर्यंत तीनदा जाऊन आलोय. पहिल्या खेपेला मी अगदी सेवा करायची म्हणून गेलो होतो, दोन आठवड्यांचा सगळा कार्यक्रम मनात ठरवून, आणि चौथ्या दिवशी पोट असं बिघडलं की पुढचे पाच दिवस वहिनीच माझी सेवा करत बसल्या. त्यांचा बायकांचा अभ्यासवर्ग बुडाला, मित्राची एक लांबची फेरी रद्द झाली आणि मी आपला पलंगावर पडून साखर-मीठ-पाणी पितोय.

परत आल्यावर बायबलमधल्या फिलिप्पैकरांच्या पत्राचा दुसरा अध्याय वाचला तेव्हा एपफ्रदीत भेटला, म्हणजे आधी शंभर वेळा वाचला असेल पण कळला तेव्हा. फिलिप्पैच्या मंडळीने (म्हणजे चर्चने) प्रेषित पौलाकडे मदत घेऊन ज्या माणसाला पाठवलं तोच तिकडे जाऊन मरायला टेकला आणि शेवटी त्याला घरी परत पाठवायची काळजी पौलालाच करावी लागली! पौल त्याच्याबद्दल एक शब्द वाकडा लिहीत नाही हा पौलाचा मोठेपणा, आपण त्याच्यावर विसंबून राहू नये.

तर दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला मी एकच गोष्ट डोक्यात ठेवली, की आपण जातो म्हणजे आधी त्यांच्या घरावर बोजा टाकतो, मग जमलं तर तो उचलतो. आपण निघू तेव्हा त्यांचं ओझं आधीपेक्षा हलकं असलं पाहिजे. खाली जे लिहितोय ते सगळं त्यासाठीच, साधारण ज्या क्रमाने करायचं त्या क्रमाने.

आधी विचारा, आणि त्यांना नाही म्हणता येईल असं विचारा

तिकीट स्वस्त मिळालं म्हणून काढलं आणि मग फोन केला की येतोय बरं का, असं करू नका. मिशनरी लोकांना नाही म्हणायची सवय नसते, त्यात तुम्ही किंवा तुमची मंडळी त्यांना दर महिन्याला थोडाफार सपोर्ट पाठवत असाल तर ते तुम्हाला नाही म्हणूच शकत नाहीत. म्हणून फोनवर नाही, मेसेज किंवा मेल करून विचारा म्हणजे नवरा-बायकोला आपापसात बोलायला वेळ मिळतो. मी असं लिहिलं होतं की आम्हाला यायची इच्छा आहे, या वर्षी जमेल, पुढच्या वर्षीही जमेल, आणि तुम्हाला कधीच सोयीचं नसलं तरी आपली मैत्री आहे तशीच राहील, उत्तर महिनाभराने दिलं तरी चालेल. उत्तर तीन आठवड्यांनी आलं आणि त्यांनी मी म्हणत होतो त्याच्या पाच महिने पुढची तारीख दिली. कारण नंतर कळलं, मधल्या काळात मुलं बोर्डिंगमधून सुट्टीला घरी येणार होती आणि वर्षातले तेवढेच दिवस त्यांचे आपले होते.

काही काळ तर टाळाच. ते नवीन गेले असतील तर पहिलं वर्ष, भाषा शिकायचं असतं, माणूस दिवसभर लहान मुलासारखं अडखळत बोलून संध्याकाळी रडकुंडीला आलेला असतो, त्यात पाहुणे आले की परत आपल्या भाषेत बोलणं सुरू होतं आणि शिकलेलं मागे जातं. तसंच फर्लोवर, म्हणजे मायदेशी मोठ्या सुट्टीवर, निघायच्या आधीचे दोन महिने, आणि ज्या भागात पावसाने रस्ते बंद होतात तिथे पावसाळा.

आणि का जाताय ते स्वतःला खरं-खरं सांगा. मित्रांना भेटायचंय, त्यांचं काम डोळ्यांनी बघायचंय, थोडं हाताखाली काम करायचंय, सगळी कारणं चांगली आहेत. देश फिरायचाय हे पण चालतं, फक्त मग ते दिवस वेगळे काढा, त्यांच्या गाडीने आणि त्यांच्या सुट्टीत नको.

किती दिवस

माझ्या मते बारा ते सोळा. एका आठवड्यात जेट लॅगच उतरत नाही (ढोबळ हिशेब असा की घड्याळात जितक्या तासांचा फरक साधारण तितके दिवस शरीराला लागतात), आणि तीन आठवड्यांच्या पुढे कितीही जवळचा मित्र असला तरी घरातल्या माणसाला आपल्याच घरात परकं वाटायला लागतं. महिना-दोन महिने राहून खरंच काम करायचं असेल तर राहायची सोय वेगळी बघा, जवळच एखादी खोली, म्हणजे सकाळी त्यांना पायजम्यात चहा पिता येईल.

व्हिसा आणि कायदा, इथे थांबून नीट वाचा

पासपोर्ट बऱ्याच देशांना पोहोचायच्या तारखेपासून पुढे किमान ६ महिने व्हॅलिड लागतो आणि दोन-तीन पानं कोरी लागतात, हे बहुतेकांना माहिती असतं. ज्याकडे लोक दुर्लक्ष करतात ते म्हणजे व्हिसाचा प्रकार. टुरिस्ट व्हिसावर मित्राकडे राहणं सहसा ठीक असतं, पण त्याच व्हिसावर उपदेश करणं, शाळेत शिकवणं, दवाखान्यात पेशंट तपासणं हे कित्येक देशांत काम किंवा धार्मिक कार्य धरलं जातं आणि त्याला वेगळा व्हिसा किंवा परवाना लागतो, पगार मिळतोय की नाही याचा संबंध नाही. तुम्ही डॉक्टर-नर्स असाल तर तुमचं रजिस्ट्रेशन तिकडे आपोआप चालत नाही. तुमच्या चुकीने तुम्हाला बहुतेक वेळा नुसतं परत पाठवतील, पण मित्रांचा व्हिसा रिन्यू झाला नाही तर त्यांची दहा-पंधरा वर्षांची मेहनत गेली. व्हिसाच्या फॉर्मवर खोटं लिहू नका, आणि काय लिहायचं ते मित्रांना विचारून लिहा, त्यांना तिथल्या ऑफिसातली रीत माहिती असते.

कायदे देशागणिक वेगळे आहेत. नेपाळच्या २०१५ च्या संविधानाने दुसऱ्याचं धर्मांतर करायला बंदी घातली आणि २०१७ च्या फौजदारी संहितेत त्यासाठी ५ वर्षांपर्यंत कैद आहे, परदेशी माणूस असेल तर शिक्षा भोगून झाल्यावर देशाबाहेर. अल्जेरियात २००६ च्या आदेशानुसार मुसलमानाला धर्म बदलायला लावायचा प्रयत्न हा गुन्हा आहे, २ ते ५ वर्षं. रशियाने २०१६ साली मिशनरी कामावर बरेच निर्बंध आणले, परदेशी माणसाला दंड होतो आणि हद्दपारही करतात. उत्तर कोरियात २०१४ साली एक अमेरिकन पर्यटक एका क्लबमध्ये बायबल मागे ठेवून निघाला आणि पाच-सहा महिने कोठडीत राहिला. म्हणून जायच्या आधी मित्रांना सरळ प्रश्न करा, काय बोललेलं चालतं, कोणासमोर, आणि बॅगेत बायबलच्या किती प्रती चालतात.

हे दुखणं काही आजचं नाही. इंग्रज मिशनरी विल्यम केरी, ज्यांनी १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं तेच, १७९३ ला बंगालात उतरले तेव्हा ईस्ट इंडिया कंपनीचा परवाना त्यांच्याकडे नव्हता. १७९९ ला मार्शमन आणि वॉर्ड वगैरे मिशनरी त्यांना मदत करायला आले तर कंपनीच्या हद्दीत त्यांना शिरता येईना, मग डेन्मार्कच्या ताब्यातल्या बंगालातल्या श्रीरामपूरला (सेरामपूर) त्यांनी आसरा घेतला आणि शेवटी १८०० साली केरींनाच आपला मुक्काम हलवून त्यांच्याकडे जावं लागलं. त्या गटातला ग्रँट नावाचा तरुण तर पोहोचल्यावर तीन आठवड्यांत आजाराने गेला. म्हणजे कागदपत्रं आणि तब्येत, या दोन गोष्टी तेव्हाही आडव्या आल्या आणि आताही येतात.

ज्या देशात बंधनं आहेत तिथे मोबाईलवरचं बोलणं पण सांभाळा. व्हॉट्सअपवर "मिशनरी", "बाप्तिस्मा", "सुवार्ता" असले शब्द टाकू नका, मित्र स्वतः जे शब्द वापरतात तेच वापरा. फेसबुकवर त्यांना टॅग करणं नाही, लोकेशन टाकणं नाही. मी सुरुवातीपासून देशाचं नाव घेत नाहीये ते यासाठीच. तुमच्या मंडळीत रविवारी जाहीर प्रार्थनेत त्यांचं आणि गावाचं नाव घेतलं जातं आणि ते यूट्यूबवर लाईव्ह जातं, हे कोणाच्या लक्षातच येत नाही, जायच्या आधी पाळकसाहेबांच्या कानावर घाला.

तब्येत, दोन महिने आधीपासून

एपफ्रदीत व्हायचं नसेल तर सहा ते आठ आठवडे आधी प्रवासी लसीकरण बघणाऱ्या डॉक्टरकडे जा. यलो फीव्हरची लस आफ्रिकेतल्या आणि दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच देशांना लागते, ती नेमून दिलेल्या केंद्रातच मिळते आणि देशात शिरायच्या किमान १० दिवस आधी घेतलेली असावी लागते. २०१६ पासून त्या लसीचा दाखला, म्हणजे पिवळं कार्ड, जन्मभर चालतं, आधी १० वर्षांनी परत टोचून घ्यावं लागायचं. टायफॉइड, हिपॅटायटिस ए, धनुर्वात हे डॉक्टर सांगतीलच. खेड्यात राहायचं असेल तर रेबीजची आधीची लस पण विचारा कारण कुत्रं चावल्यावर लागणारं सिरम सगळीकडे मिळत नाही. आधी लस घेतली असली तरी चावल्यावर जखम साबण-पाण्याने १५ मिनिटं धुवायची आणि पुढचे डोस घ्यायचेच.

मलेरियाच्या गोळ्यांमध्ये लोक हमखास चुकतात. अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल जायच्या एक-दोन दिवस आधी सुरू करायची आणि परत आल्यावर ७ दिवस चालू ठेवायची, डॉक्सीसायक्लिन परत आल्यावर ४ आठवडे. घरी आलो, डास नाहीत, म्हणून बंद करू नका. कोणती घ्यायची ते डॉक्टर ठरवेल, गुगल नाही.

रोजची औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरच्या चिठ्ठीसकट, हँडबॅगेत ठेवा. साधं सर्दी-खोकल्याचं औषध, त्यात कोडीन किंवा स्यूडोएफेड्रिन असेल, तर काही देशांत विमानतळावर अडवतात.

ट्रॅव्हल इन्शुरन्स घेताना एकच बघा, आजारी माणसाला तिथून उचलून मोठ्या हॉस्पिटलात न्यायचा खर्च त्यात आहे का, कारण मिशन स्टेशनं बरेचदा अशा ठिकाणी असतात की जिथून गाडीने आठ तास लागतात. युरोपातल्या शेंगेन देशांत (जिथे एकाच व्हिसावर फिरता येतं) तर किमान ३०,००० युरोचा इन्शुरन्स असल्याशिवाय व्हिसाच देत नाहीत.

आणि साखर-मीठ-पाणी, पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ, चमचा म्हणजे चहाचा. मला पाठ झालंय.

पैशाचं आधीच बोला

हा अवघड भाग आहे आणि म्हणूनच सगळे टाळतात. तुमच्या येण्याने त्यांचा खर्च वाढतो: विमानतळावर आणायला-सोडायला पेट्रोल, जास्तीचं जेवण, गॅस, विकतचं पाणी, जनरेटरचं डिझेल, दुभाष्याचा दिवसाचा मेहनताना. हे पैसे लोकांच्या देणग्यांतून येतात आणि पै-पैचा हिशोब ते मिशनला देतात. विचारलंत तर म्हणतील अहो राहू द्या. म्हणून विचारताना असं विचारा की तुमच्या मिशनचा पाहुण्यांसाठी दिवसाचा दर ठरलेला आहे का, कारण पुष्कळ ठिकाणी असतो. नसेल तर तुम्हीच एक आकडा सांगा, आणि पोहोचल्यावर पहिल्याच दिवशी पाकिटात घालून द्या, निघताना नको, निघताना देवाणघेवाणीचं नाटक होतं. मर्सी शिप्स नावाची हॉस्पिटल जहाजं चालवणारी संस्था आहे, तिथे तर कित्येक वर्षं सेवेला येणारे डॉक्टर, नर्स, स्वयंपाकी स्वतःच्या राहण्या-जेवण्याचे पैसे स्वतः भरायचे, म्हणजे यात लाजण्यासारखं काहीच नाही.

तिथल्या लोकांना परस्पर पैसे देऊ नका, हे मी हात जोडून सांगतो. दुसऱ्या खेपेला माझ्याबरोबर आलेल्या एकाने, चांगल्या मनाने, चर्चमधल्या एका मुलाची फी भरली. आम्ही परत आल्यावर पंधरा घरं मित्राच्या दारात, की आमच्या मुलाने काय घोडं मारलंय? तो वाद मिटायला चार महिने लागले. द्यायचंच असेल तर मित्राला किंवा तिथल्या मंडळीच्या वडिलांना (म्हणजे चर्चच्या पुढाऱ्यांना) विचारून, त्यांच्या हातून, आणि आपलं नाव न लावता.

बॅगेत काय

पौलाने आपल्या सोबत्याला, तीमथ्याला, लिहिलंय की येताना त्रोवसात कार्पाकडे राहिलेला माझा झगा आण आणि पुस्तकं आण, विशेषतः चर्मपत्रं. मला हे फार आवडतं कारण एवढा मोठा प्रेषित, शेवटचे दिवस, आणि यादी देतोय! म्हणजे यादी मागायला लाजू नका. आपल्या मनाने नेलेल्या भेटवस्तू बहुतेक वेळा कपाटात पडून राहतात. मित्रांनी मला शेवटच्या यादीत जे सांगितलं ते असं होतं: प्रिंटरचा एक पार्ट, मुलीचा चष्मा, थायरॉइडच्या गोळ्या, वॉटर फिल्टरच्या कॅन्डल, पियानोच्या धड्यांचं पुस्तक आणि वहिनींच्या आईने स्वतः विणलेली शाल. शालीने जे काम केलं ते माझ्या दोन आठवड्यांच्या उपस्थितीने केलं नसेल.

तुमच्या बॅगेची अर्धी जागा त्यांच्यासाठी ठेवा, कपडे चार जोड पुरतात, धुता येतात. दुसऱ्या कोणी दिलेलं बंद पार्सल नेऊ नका, मंडळीतल्या कितीही विश्वासू माणसाने दिलं तरी उघडून, बघून, मग. पॉवर बँक हँडबॅगेतच लागते, चेक-इनमध्ये चालत नाही, आणि १०० वॉट-अवरच्या आतली विनापरवाना चालते, २०,००० एमएएचवाली साधारण ७४ येते म्हणजे ठीक आहे. आतल्या भागात जायला मिशन एव्हिएशन फेलोशिपसारख्या संस्थांची छोटी विमानं असतात, तिथे सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात (मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, सगळ्यांसमोर काट्यावर उभं राहिलो), त्यामुळे मोठ्या विमानात चाललेलं सामान पुढे चालेलच असं नाही.

पोहोचल्यावरचे पहिले दोन दिवस

काही करू नका. खरंच. झोपा, खा, त्यांच्या मागे-मागे फिरा. घराचे नियम विचारून घ्या, पाणी कुठलं प्यायचं, लाईट किती वाजता जाते, अंघोळीला किती पाणी, दाराला रात्री कुलूप कोण लावतं, कामाला येणाऱ्या बाईंशी कसं बोलायचं, बूट कुठे काढायचे. कपड्यांचं पण विचारा, तुमच्याकडे जे सभ्य ते तिकडे सभ्य असेलच असं नाही. हडसन टेलर हा इंग्रज मिशनरी १८५४ ला चीनला पोहोचला आणि पुढच्या वर्षी इंग्रजी कोट टाकून चिनी कपडे घालायला लागला, मागे वेणी पण ठेवली, त्याच्याबरोबरचे गोरे लोकच त्याला हसले, पण गावागावात लोक त्याला जवळ येऊ द्यायला लागले. दोन आठवड्यांच्या पाहुण्याने एवढं करायची गरज नाही, पण वहिनींनी सांगितलं की बाही लांब घाला तर घाला, वाद नको.

दहा-वीस शब्द तिथल्या भाषेतले शिकून जा. नमस्कार, आभारी आहे, माफ करा, छान झालंय, पोट भरलं. चुकीचे बोललात तर आणखी चांगलं, लोक हसतात आणि मग मैत्री होते.

काम कोणतं मागायचं

इथे माझं मत जरा कडक आहे. भिंत रंगवायला किंवा विटा लावायला परदेशातून माणसं येतात ते मला पटत नाही. तिथे गवंडी आहेत, रंगारी आहेत, त्यांना काम हवंय, आणि ते आपल्यापेक्षा बरं करतात. तुम्ही जे काम रोज पोटासाठी करता तेच न्या. अकाउंटंट असाल तर त्यांची वर्षाची पावत्यांची पेटी घेऊन बसा, मिशनरी माणूस तुम्हाला जन्मभर आशीर्वाद देईल. कॉम्प्युटरवाले असाल तर लॅपटॉपचे बॅकअप, वायफाय, जुने फोटो नीट लावणं. इलेक्ट्रिशियन, मेकॅनिक, शिंपी, शिक्षक, सगळ्यांना काम आहे. आणि शिकवता येत असेल तर तिथल्याच कोणाला तरी बरोबर घेऊन करा, म्हणजे तुम्ही गेल्यावर ते बंद पडत नाही.

आणि काहीच येत नसेल तर मुलं सांभाळा. मी तिसऱ्या खेपेला दोन दिवस मुलं माझ्याकडे घेतली आणि नवरा-बायकोला बाहेर पाठवलं, सहा वर्षांत पहिल्यांदा दोघंच गेले होते. मिशनऱ्यांच्या मुलांचं एक वेगळंच असतं, आई-वडिलांचा देश त्यांचा नाही आणि राहतात तो पण पूर्ण त्यांचा नाही, समाजशास्त्रज्ञ रूथ हिल युसीम यांनी १९५० च्या दशकात अशा मुलांना थर्ड कल्चर किड्स म्हटलं आणि ते नाव रूढ झालं. त्यांना "तुला इथे आवडतं की आपल्या देशात?" हे विचारू नका, प्रत्येक पाहुणा हेच विचारतो आणि त्यांना उत्तर देता येत नाही. क्रिकेट खेळा, होमवर्क घ्या, त्यांना त्यांचा किल्ला दाखवू द्या.

ऐकणं हे पण काम आहे. रात्री जेवणं झाल्यावर मित्र बोलायला लागतो, सपोर्ट कमी झालाय, सोबतच्या मिशनऱ्याशी पटत नाही, सहा वर्षांत बाप्तिस्मा घेतलेले चारच आणि त्यातला एक सोडून गेला. तेव्हा सल्ला देऊ नका, बायबलचं वचन काढून दाखवू नका. हे सगळं त्याला न्यूजलेटरमध्ये लिहिता येत नाही कारण वाचणारेच पैसे देणारे असतात. बायबलमधला अनेसिफर रोममध्ये कैदेतल्या पौलाला शोधत-शोधत बेड्यांपर्यंत पोहोचला, पौल त्याच्याबद्दल सांगतो की त्याने मला पुष्कळदा ताजंतवानं केलं आणि माझ्या बेड्यांची त्याला लाज वाटली नाही. आणि जे ऐकलं ते घरी येऊन मंडळीत सांगायचं नाही, प्रार्थनेचा विषय म्हणून पण नाही.

उपदेश करायला सांगितलं तर

सांगतीलच, पाहुणा आला की सांगतात, पण व्हिसाचं वर लिहिलंय ते आधी बघा. दुभाषी असेल तर अर्ध्या तासाचा उपदेश एक तासाचा होतो म्हणून पंधरा मिनिटांचाच तयार करा. एक वाक्य बोला, थांबा, मग पुढचं. वाक्य अर्धं तोडून थांबू नका, दुभाष्याला क्रियापद लागतं! विनोद, म्हणी, शब्दांचे खेळ, यमकं, सगळं काढून टाका, गोष्ट सांगा. मी एकदा एका शब्दावर कोटी केली, दुभाषी दोन सेकंद थांबला, काहीतरी बोलला आणि सगळे हसले. नंतर कळलं की तो म्हणाला होता, पाहुण्यांनी विनोद केलाय, हसा.

दुभाष्याला आदल्या दिवशी वचनं आणि मुद्दे द्या, आणि बोलताना लोकांकडे बघा, त्याच्याकडे नाही.

फोटो आणि लहान मुलं

आधी मित्राला विचारा, मग त्या माणसाला, मग फोटो. नवीन विश्वासी (नुकतेच ख्रिस्ती झालेले), पेशंट, लहान मुलं यांचे चेहरे ऑनलाईन नकोत. जिथे ख्रिस्ती होणं हा घरच्यांच्याच दृष्टीने गुन्हा असतो तिथे तुमचा एक ग्रुप फोटो कोणाला तरी घर सोडायला लावू शकतो.

अनाथाश्रमात दोन दिवस जाऊन मुलांना मिठ्या मारून येणं टाळा, कितीही गोड वाटलं तरी. जी मुलं आधीच एकदा सोडली गेली आहेत त्यांना दर महिन्याला नवा काका लळा लावून निघून जातो, आणि काही ठिकाणी तर पाहुण्यांचे पैसे येतात म्हणून आई-बाप असलेली मुलं आणून ठेवतात, ऑस्ट्रेलियात २०१८ साली आधुनिक गुलामगिरीचा कायदा झाला तेव्हा या प्रकाराचीही दखल घेतली गेली. मित्रांचंच काम मुलांमध्ये असेल तर त्यांची बालसुरक्षेची पॉलिसी वाचून सही करा, एका मुलाबरोबर एकटं खोलीत थांबू नका, आणि तिथल्या कायमच्या शिक्षकांचं ओझं कमी होईल असं पडद्यामागचं काम मागा.

निघताना आणि घरी आल्यावर

चादरी धुवून टाका, सिम कार्ड आणि उरलेली चिल्लर तिथेच द्या, किल्ली परत केली का बघा (एकदा मी घेऊन आलोय, कुरिअरला चार पट खर्च आला). तिथे भेटलेल्या लोकांना "पुढच्या वर्षी नक्की येईन", "तुला तिकडे बोलावतो" असं भावनेच्या भरात बोलू नका. आपण विसरतो, ते विसरत नाहीत, आणि विचारायला मित्राकडेच जातात.

दिलेले शब्द एका वहीत लिहून ठेवा, कोणाला कुठलं पुस्तक पाठवायचं, कोणाचा फोटो प्रिंट करायचा, कोणासाठी रोज प्रार्थना करतो म्हणालात, आणि महिन्याच्या आत एक-एक करून खोडा. मंडळीत अहवाल द्यायच्या आधी तो मित्रांना वाचायला पाठवा. माझ्या पहिल्या अहवालात मी लिहिलं होतं की तिथे अंधार फार आहे, मित्राने ते वाक्य काढायला लावलं, म्हणाला इथल्या पाळकांनी ट्रान्सलेट करून वाचलं तर मी त्यांना तोंड कसं दाखवू.

पोहोचल्यावर सुखरूप आलो एवढा मेसेज लगेच करा, मोठं आभाराचं पत्र मात्र तीन-चार आठवड्यांनी लिहा. पाहुणे गेल्यावर घर एकदम रिकामं होतं, आणि तोवर बाकीच्यांचे मेसेज पण थांबलेले असतात.

आणि परत आल्यावर काही महिन्यांत ताप आला, वर्षभरात कधीही आला तरी, तर डॉक्टरला आधी हे सांगा की कुठून आलात आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या. गोळ्या पूर्ण घेतल्या होत्या म्हणून गप्प बसू नका, मी बसलो होतो दोन दिवस, बायकोने ओढत नेलं.